वृत्त आणि कुलूप

बंधनातून कला फुलते, हे वाक्य साहित्याच्या वर्गात इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज आता कोणालाच वाटत नाही. ओवीचे साडेतीन चरण, भुजंगप्रयाताचे चार यगण यांचे दाखले देऊन शिक्षक ते सिद्ध करतात आणि विद्यार्थी उत्तरपत्रिकेत उतरवून काढतात. आम्हीही ते शिकलो आणि पुढे शिकवलेही. अलीकडे मात्र हे वाक्य अशा एका क्षेत्राविषयी बोलताना वापरलेले आढळते, जिथे ते अर्धे खरे आणि अर्धे घातक आहे. ते क्षेत्र म्हणजे हातात मावणाऱ्या खेळयंत्रांसाठी, म्हणजे हँडहेल्ड कन्सोलांसाठी, हौसेखातर आज्ञावली लिहिणाऱ्यांचे. साहित्याच्या वाचकाने एवढ्यावरून वाचन थांबवू नये. प्रश्न लिहिण्याचाच आहे.

या उद्योगाला इंग्रजीत होमब्रू म्हणतात. घरी आंबवलेल्या बिअरवरून आलेला हा शब्द. मराठीत त्याच्या जवळचा शब्द शोधू गेले तर हातभट्टी सापडते, आणि तिच्यामागोमाग पोलीसही येतात. भाषांतराचा हा अपघात बोलका आहे. यंत्रे बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी या हौशी मंडळींकडे बहुधा त्याच नजरेने पाहिले आहे. त्यावर कडी म्हणजे आपल्यातले काही समीक्षक त्यांच्या हालअपेष्टांचे कौतुक करू लागले आहेत: बंधने होती म्हणून प्रतिभा उजळली, असे. या कौतुकाला आमचा विरोध आहे. दोन वेगळ्या जातींची बंधने त्यात एकाच पोत्यात भरली जातात.

पहिली जात द्रव्याची. १९८९ साली बाजारात आलेला निन्टेन्डोचा गेम बॉय घ्या. त्याचा प्रोसेसर सुमारे ४.१९ मेगाहर्ट्झचा, कामासाठी ८ किलोबाइट स्मृती आणि चित्रांसाठी आणखी ८ किलोबाइट. पडदा १६० गुणिले १४४ बिंदूंचा, छटा चार. गुणाकाराची आज्ञाच या प्रोसेसरला नाही. गुणाकार हवा असेल तर बेरजांतून आणि सरकवण्यांतून तो स्वतः रचावा लागतो. पडद्यावर हलणाऱ्या आकृती एका वेळी ४० आणि एका आडव्या ओळीत १०. अकरावी आकृती त्या ओळीत दिसतच नाही. पडदा रंगवला जात असताना चित्रस्मृतीत लिहिण्यास मज्जाव असतो. सलग काही लिहायचे तर एक चित्र संपून दुसरे सुरू होण्यापूर्वीची जेमतेम १.१ मिलिसेकंदांची फट हाती लागते, आणि ती सेकंदाला सुमारे साठ वेळा येते. त्या फटीत जे मावेल ते तुमचे.

आम्ही या यंत्रावर एक मराठी वाक्य उमटवण्याचा खटाटोप केला होता. पडदा आठ गुणिले आठ बिंदूंच्या चौकोनांचा, म्हणजे टाइलांचा, बनलेला असतो. आडव्या २०, उभ्या १८. रोमन अक्षर एका टाइलमध्ये सुखाने बसते. देवनागरी बसत नाही. वर मात्रा आणि वेलांटी, मध्ये शिरोरेघ, तिच्याखाली अक्षराचा देह आणि त्याखाली उकार: आठ बिंदूंच्या उंचीत हे सगळे कोंबले की ‘कु’ आणि ‘कृ’ ओळखू येत नाहीत. म्हणून उंचीला दोन टाइला घ्याव्या लागल्या आणि पडद्यावर नऊच ओळी उरल्या. मग दुसरी अडचण. चित्रस्मृतीत एकूण ३८४ टाइला मावतात. छत्तीस व्यंजनांची बाराखडीच ४३२ अक्षरांची. प्रत्येकाला दोन टाइला म्हणजे ८६४, आणि जोडाक्षरे अजून मोजलेलीच नाहीत. तेव्हा तयार अक्षरे साठवण्याचा विचार सोडून काना, मात्रा, अर्धे व्यंजन असे तुकडे साठवले आणि हवे ते अक्षर ऐनवेळी स्मृतीत जुळवून त्या १.१ मिलिसेकंदांच्या फटीतून पडद्याकडे ढकलले. संगणकावरच्या एम्युलेटरमध्ये वाक्य स्वच्छ दिसले. खऱ्या यंत्रात मात्र अर्धी अक्षरे आणि अर्धा कचरा. चूक आमचीच होती. यंत्र चालू होताना स्मृती कोरी असते असे आम्ही गृहीत धरले होते. एम्युलेटरने ते उदारपणे खपवून घेतले, यंत्राने घेतले नाही.

या बंधनाला वृत्त म्हणायला आमची हरकत नाही. खिळे जुळवणाऱ्या जुन्या कंपोझिटरचे काम काय असेल, हे त्या दोन आठवड्यांत आम्हाला जितके कळले तितके लिपीवरच्या कोणत्याही व्याख्यानातून कळले नव्हते. अशा बंधनातून चांगले लिखाण होऊ शकते, हेही खरे. २०१९ साली जीबी स्टुडिओ नावाचे मोफत साधन आले आणि आज्ञावलीची भाषा न शिकताही गेम बॉयसाठी लिहिणे शक्य झाले. त्याच साधनाने त्याच वर्षी तयार झालेला ‘डेडियस’ हा खेळ घ्या. एका मुलाला स्वप्न पडते की तीन दिवसांत सगळे मरणार. ते तीन दिवस तो गावात कसे घालवतो त्यावर ११ वेगवेगळे शेवट अवलंबून. चार छटांचा पडदा आणि दोनचार ओळींची संवादचौकट यांतून जी भीती उभी राहते तिची जात भयकथेच्या अभ्यासकाने जरूर तपासावी.

आता दुसरी जात. गेम बॉय चालू केला की पडद्यावर निन्टेन्डोचे नाव वरून सरकत येते. पाहणाऱ्याला ते शोभेचे वाटते. वस्तुतः यंत्रातली २५६ बाइटांची एक छोटी आज्ञावली त्या वेळी कार्ट्रिजमधून ४८ बाइट वाचत असते. हे ४८ बाइट म्हणजे कंपनीचे बोधचिन्ह. ते यंत्रातल्या प्रतीशी तंतोतंत जुळले नाही तर यंत्र तिथेच थिजते. म्हणजे स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या प्रत्येकाला आपल्या कृतीच्या पहिल्या पानावर दुसऱ्याची मुद्रा उमटवावी लागते. न उमटवावी तर कृती चालत नाही आणि उमटवावी तर बोधचिन्ह वापरल्याचा ठपका ठेवता येतो. अशी सोय हेतुपुरस्सर केलेली असते. सेगा कंपनीने आपल्या घरगुती कन्सोलवर जवळपास हीच युक्ती योजली होती. अमेरिकेतल्या नवव्या मंडल न्यायालयाने १९९२ साली सेगा विरुद्ध अकोलेड या खटल्यात सेगाचे म्हणणे फेटाळले. चालण्यासाठी आवश्यक ते शोधून काढण्याकरता दुसऱ्याची आज्ञावली उलगडून पाहणे न्याय्य वापरात बसते, आणि बोधचिन्हामुळे गोंधळ होत असेल तर तो सेगाच्याच रचनेमुळे होतो, असा त्या निकालाचा आशय होता.

कंपन्यांनी यातून धडा घेतला तो वेगळाच. त्यांनी मुद्रेच्या जागी गुप्तलेखनाची सही आणली. सोनीचे प्लेस्टेशन पोर्टेबल, म्हणजे पीएसपी, २००४ च्या डिसेंबरात जपानमध्ये आले. प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंतचा, स्मृती ३२ मेगाबाइट. गेम बॉयच्या कामाच्या स्मृतीच्या चार हजार पट. द्रव्याचे बंधन इथे जवळपास सुटले होते. पहिल्या १.०० या आवृत्तीत सहीविना लिहिलेली आज्ञावलीही चालत असे. १.५० ने ते बंद केले. २००५ च्या जूनमध्ये हौशी मंडळींनी त्यावर उपाय काढला. २.०० आवृत्तीबरोबर कंपनीने वेब ब्राउझर दिला. तो हवा तर नवी आवृत्ती घ्या आणि घरच्या आज्ञावलीवर पाणी सोडा. सप्टेंबरात त्याच आवृत्तीच्या टिफ चित्रे वाचणाऱ्या भागात एक चूक सापडली आणि दार पुन्हा किलकिले झाले. पुढच्या आवृत्तीने ते बुजवले. नंतर कधी एखाद्या खेळाच्या साठवलेल्या फायलीतून, कधी बॅटरीत फेरफार करून शिरकाव होत राहिला. २०११ च्या जानेवारीत सहीच्या किल्ल्याच उघड झाल्या आणि कोणत्याही पीएसपीवर कोणाचीही आज्ञावली चालू लागली. तेव्हा यंत्राला सहा वर्षे उलटून गेली होती आणि त्याचा वारसदार त्याच वर्षी बाजारात येणार होता.

या दोन यंत्रांची तुलना केली की आमचा मुद्दा स्पष्ट होतो. १९८९ च्या यंत्रात द्रव्य तुटपुंजे आणि कुलूप लेचेपेचे होते. २००४ च्या यंत्रात द्रव्य मुबलक आणि कुलूप भक्कम. म्हणजे एका बंधनाचा दुसऱ्याशी कार्यकारणसंबंध नाही. पहिले पदार्थाच्या स्वभावातून येते आणि लिहिणाऱ्याला रूप शिकवते. दुसरे कोणाच्या तरी हितसंबंधातून येते. ते लिहिणाऱ्याला भिंतीतल्या चिरा शोधायला शिकवते, एवढेच. चिरा शोधण्यात बुद्धी लागते, हे आम्ही नाकारत नाही. २०१४ साली निन्टेन्डो ३डीएसमध्ये ‘क्युबिक निंजा’ या फारशा न गाजलेल्या खेळातली क्यूआर कोड वाचण्याची सोय वापरून लोक आत शिरले, ही हकिकत रहस्यकथेइतकी रंजक आहे. पण कैद्याने भिंत खरवडण्यात दाखवलेली चिकाटी पाहून तुरुंगाची स्तुती कोणी करत नाही. समीक्षकांच्या कौतुकात नेमके तेच होते. पीएसपीच्या ज्या वर्षांत त्या यंत्रावर काही घडायचे त्या वर्षांतली किती तरी बुद्धी दार उघडे ठेवण्यात खर्ची पडली. ज्यांना फक्त एक लहानसा खेळ किंवा एखादी चित्रकथा लिहायची होती त्यांच्यापुढे निवड होती ती यंत्र जुन्या आवृत्तीवर गोठवण्याची किंवा लिहिणे सोडण्याची. न लिहिल्या गेलेल्या कृतींची यादी करता येत नाही. म्हणून त्या नुकसानीचा हिशेब चातुर्याच्या गौरवग्रंथांत येत नाही.

यावर पहिला आक्षेप चोरीचा, आणि तो पोकळ नाही. निन्टेन्डो डीएससाठी विकली गेलेली फ्लॅश कार्डे घेणारे अनेकजण स्वतः काही लिहिण्यासाठी ती घेत नव्हते. विकत घ्यायचे खेळ फुकटात खेळण्यासाठी घेत होते. २०१० साली लंडनच्या उच्च न्यायालयात अशा कार्डांच्या विक्रेत्याने होमब्रूची ढाल पुढे केली आणि न्यायालयाने ती मानली नाही. त्या विक्रेत्याविषयी आम्हाला ममत्व नाही. हौशी लेखकांच्या नावावर आपला गल्ला भरणाऱ्यांनी या लेखकांचे जेवढे नुकसान केले तेवढे क्वचितच कोणी केले असेल. परंतु चोराला आणि लेखकाला एकाच दाराने यावे लागते, ही व्यवस्था कोणी केली? दार एकच ठेवले कंपनीने, ते बंद केले कंपनीने, आणि मग त्याच्या फटीतून आत शिरणारे सगळे सारखेच, असा युक्तिवादही कंपनीचाच.

वेगळे दार ठेवता येते याचे पुरावे आहेत. जपानच्या बंदाई कंपनीच्या वंडरस्वान या यंत्रासाठी २००० साली वंडरविच नावाचा संच अधिकृतपणे विक्रीस आला. घरी बसून लिहा आणि यंत्रावर चालवा. त्यासाठी स्पर्धा झाल्या, आणि अशा स्पर्धेतून पुढे आलेला ‘जजमेंट सिल्व्हरस्वर्ड’ हा खेळ २००४ साली रीतसर कार्ट्रिज म्हणून प्रसिद्ध झाला. दक्षिण कोरियातल्या जीपी३२ ने २००१ साली हौशी लेखकांना आत घेतले. २०२२ साली आलेल्या प्लेडेटचा पडदा ४०० गुणिले २४० बिंदूंचा, फक्त काळापांढरा, मधली छटाच नाही. मात्र त्यासाठी लिहिण्याची साधने मोफत आहेत आणि आपली कृती आपल्या यंत्रावर चढवायला कोणाची सही लागत नाही. वृत्त ठेवून कुलूप काढता येते, याहून सरळ उदाहरण आम्हाला सापडले नाही. अर्थात मेहेरबानीने उघडलेले दार मेहेरबानी संपली की मिटते, हेही पाहिले पाहिजे. सोनीने हौशी व छोट्या लेखकांसाठी चालवलेली प्लेस्टेशन मोबाइल ही सोय २०१५ साली गुंडाळली गेली.

दुसरा आक्षेप मालकीचा: यंत्र त्यांनी बनवले, नियम त्यांचे. इथे मराठी वाचकाला स्वतःचा इतिहास आठवावा. साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकांची मंडळी ‘सत्यकथे’च्या दारात तिष्ठत न राहता स्वतःचे अंक काढू शकली, त्यामागे बंडखोरी होती तशी सायक्लोस्टाइलची सोयही होती. ते यंत्र गरीब होते. शाई पसरे, कागद भिकार, ठसा पुसट. पण स्टेन्सिल कापणाऱ्याला त्याने कधी विचारले नाही की या मजकुरावर कोणत्या संपादकाची सही आहे. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने तशी सही सक्तीची केली असती तर आज ज्या कविता आपण अभ्यासक्रमात लावतो त्यांतल्या किती छापल्या गेल्या असत्या? विकत घेतलेल्या यंत्रावर काय लिहावे हे विकणाऱ्याने ठरवावे, हा दावा कागद आणि शाईच्या बाबतीत आपल्याला हास्यास्पद वाटतो. पडद्याच्या बाबतीत तो वाजवी का वाटावा?

सरकारी कुलपे आपल्या परिचयाची आहेत. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, आणि ‘सखाराम बाइंडर’च्या वेळी मंडळाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. त्या व्यवस्थेवर आमची टीका आहेच. तरी तिथे निदान मंडळ आहे, त्याचे लेखी आक्षेप आहेत आणि वर न्यायालय आहे. यंत्रातल्या सहीच्या तपासणीला कारण द्यावे लागत नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल प्रताधिकार कायद्याने तर कुलूप ओलांडणे हाच दोष ठरवला. आत जाऊन तुम्ही काय केले हा प्रश्न दुय्यम. तिथे दर तीन वर्षांनी सवलती मागाव्या लागतात. २०१० साली मोबाइल फोनसाठी सवलत मिळाली. २०१२ साली खेळयंत्रांसाठी मागितलेली नाकारली गेली. याउलट आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगते. हेतूची ही अट लहान दिसते, पण लेखक आणि चोर यांच्यातला फरक तिच्यातच सामावलेला आहे. तिच्याविषयी आपल्याकडे साहित्याच्या व्यासपीठावर कधी चर्चा झाल्याचे आम्हाला आठवत नाही.

आता दोन शब्द हौशी मंडळींनाही. त्यांच्या कामाचा मोठा भाग दुसऱ्यांच्या जुन्या खेळांच्या नकला आणि एम्युलेटर यांचा आहे, आणि सुरू करून अर्धवट टाकलेल्यांची संख्या पुरी झालेल्यांपेक्षा जास्त. कित्येक कृती त्यांचे संकेतस्थळ बंद पडले की नाहीशा होतात, कारण मूळ संहिता कोणी जपून ठेवत नाही. हे दोष कुलपाच्या माथी मारता येणार नाहीत. पण त्याच मंडळींनी गेम बॉयच्या अंतर्रचनेचे जे वर्णन १९९५ पासून लिहायला घेतले, ज्याला पॅन डॉक्स म्हणतात, ते आजही अनेक हातांनी सुधारले जात आहे. पाठ तपासायचा, खऱ्या यंत्रावर पडताळायचा, चूक दुरुस्त करायची आणि पुढच्याच्या हाती द्यायचा, ही संपादनाची शिस्त प्रतिष्ठानच्या प्रती जुळवणाऱ्या कोणत्याही ज्ञानेश्वरी-अभ्यासकाला ओळखीची वाटेल. कंपनीने न दिलेली टीका वाचकांनी लिहिली, आणि ती पगाराशिवाय लिहिली.

त्या टीकेची किंमत पुढे वाढतच जाणार आहे. निन्टेन्डोने ३डीएसचे विक्रीदालन २०२३ च्या मार्चमध्ये बंद केले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार त्या देशात २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. दालन मिटते, कंपनी पुढच्या यंत्राकडे वळते आणि कुलूप मात्र तसेच राहते. ज्या यंत्रांची कुलपे हौशी लोकांनी उघडली त्यांच्यावरचे खेळ वाचवता येतात, चालवून पाहता येतात, वर्गात दाखवता येतात. बाकीचे काळाच्या हवाली.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कंपन्यांनी यंत्राची विक्री थांबवताना त्याच्या सहीची अट काढून टाकावी. त्यात त्यांचा बुडणारा नफा नगण्य आहे. आणि साहित्याच्या शिक्षकांनी बंधनाचा महिमा सांगताना ते बंधन कोणत्या जातीचे, कोणी घातलेले आणि कोणाच्या सोयीचे, हे विचारायची सवय विद्यार्थ्यांना लावावी. ओवी कोणाची परवानगी मागत नाही. जी मागते तिला वृत्त म्हणण्याची घाई आपण करू नये.

आमचे ते वाक्य, चूक सापडल्यावर, खऱ्या यंत्रावर उमटले. पाच शब्दांचे होते आणि दोन ओळींत मावले. त्याच्याआधी मात्र, वरून सरकत, दुसऱ्याचे नाव येऊन गेले. रोज येते.